उघडी तोंडं

तो धुळ्याकडचा होता, एवढंच मला माहीत. त्या सकाळी शेततळ्यातले मासे वर येऊन आ वासत होते. भुकेले असतील म्हणून मी पेंडीचं घमेलं उचललं, तोच रस्त्यावर मोटारसायकल लावून तो धावत आला. आधी माझं मनगट धरलं, मग ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं.

"भाऊ, ह्या मासा भुक्या नही शेतस, त्यास्ना दम घुटी ऱ्हायना. मोटर चालू करा!"

पाण्यात हवा मिसळावी म्हणून पाइप उंच धरून त्यानं तळ्याचं पाणी तळ्यातच कोसळवलं. तासाभरात मासे खाली गेले.

"ढोर हंबरस. मासा काय करी?" म्हणाला आणि निघाला.

जन्मभर मी म्हशीच पाळल्या होत्या. आता रोज उजाडताच काठावर बसतो. पाण्यावर एकही तोंड दिसलं नाही, तरच पेंडीचं पोतं उघडतो.