लाल चांदणीचा चौकोन

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते सातवीतल्या गणिताच्या बाईंचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. फॉर्म भरण्यापासून तिथवर मला त्यांनीच नेलं. पण मला त्या आठवतात एका चाचणीनंतरच्या. एक गणित सगळ्या वर्गाचं चुकलं होतं आणि आम्ही छडीची वाट बघत होतो. बाईंनी आपलाच पेपर पुन्हा वाचला. म्हणाल्या, "सगळी पोरं एकदम मूर्ख कशी होतील? प्रश्नच मी नीट लिहिला नाही." फळा पुसून त्यांनी तो नव्याने लिहिला.

आज माझं पोट याच कामावर चालतं. नोएडातल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअरचे स्क्रीन तपासतो. लोक कुठे अडखळतात ते बघतो आणि स्क्रीन नव्याने मांडतो. तरीही फरीदाबादला मी बाईंना विसरलो.

तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात नोंदणीला आमचं सॉफ्टवेअर होतं. खिडकीवर पानिपतच्या एक पन्नाशीच्या बाई बसत. सगळे त्यांना दीदी म्हणत. प्रत्येक रुग्णासाठी त्यांच्यासमोर माहिती भरायचे एकेचाळीस चौकोन उघडत. पत्ता दोनदा, वडिलांचा व्यवसाय, ईमेल. 'जतन करा' आणि 'पुसून टाका' ही बटणं शेजारी शेजारी, एकाच निळ्या रंगात. खिडकीशी तापाने फणफणलेलं मूल घेऊन बाप उभा, आणि स्क्रीन त्याला ईमेल विचारतोय. हे ज्यांनी बनवलं त्यांना त्या खुर्चीत एक दिवस बसवावं असं मला तेव्हाही वाटलं.

"भैया, इसमें सब पूछते हैं," दीदी म्हणाल्या. "बस तकलीफ़ क्या है, वो सबसे नीचे."

मोबाइलच्या चौकोनापुढे लाल चांदणी होती. तो भरल्याशिवाय नोंद पुढे सरकायची नाही. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी दीदी स्वतःचा नंबर टाकत. तपासणीचे निरोप मग त्यांच्याच फोनवर येत आणि त्या खिडकीतून हाक मारत, "अम्मा, रिपोर्ट आ गई, बैठी मत रहो."

हे मी डोळ्यांनी पाहिलं. ऑफिसात येऊन कंपनीच्या ठरलेल्या तक्त्यात भरलं. तक्त्यात दोनच रकाने: 'सॉफ्टवेअरचा दोष' आणि 'वापरणाऱ्याची चूक'. कितीतरी नोंदींना एकच नंबर, हे मी दुसऱ्या रकान्यात टाकलं. नंबर खोटा होता, एवढंच मला दिसलं. तोच तक्ता अहवाल म्हणून दवाखान्याकडे गेला.

पंधरा दिवसांनी नवा स्क्रीन दाखवायला गेलो तर खिडकीत दुसरंच कुणीतरी. खोट्या नोंदी केल्या म्हणून दीदींना काढलं होतं.

"त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कुठे होता?" मी व्यवस्थापकांना हिंदीत विचारलं.

त्यांनी माझाच अहवाल पुढे सरकवला. "लिखा तो आपने ही है, सर."

माझ्या साहेबांना फोन केला. ते हसले. "यार, तू डिज़ाइनर है या वकील? यूज़र की गलती थी, छोड़." नव्या सुटसुटीत स्क्रीनबद्दल त्याच आठवड्यात कंपनीत आमचं कौतुक झालं, केक कापला. मी खाल्ला नाही. ज्यांना आम्हीच खोटं लिहायला लावलं त्या घरी, आणि आम्ही टाळ्या वाजवतोय.

शेवटी मी बाईंना हे पत्र पाठवलं.

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार. तुम्ही विचारलं होतंत, दिल्लीकडे काम काय करतोस. सोबत सगळी हकीकत लिहिली आहे. वाचून तुम्हाला माझी लाज वाटेल. मी दुसरा अहवाल लिहिला: चूक आमच्या चौकोनाची, आणि ती दीदींच्या नावावर टाकली मी. साहेबांनी तो पाठवायला नकार दिला, म्हणून सुट्टी टाकून दवाखान्याच्या विश्वस्तांच्या हाती दिला. त्यांनी ठेवून घेतला. माझी नोकरी राहील की नाही, माहीत नाही. दीदींची तर गेलीच आहे.

नव्या स्क्रीनवर चांदणी नाही. पण तुम्ही चूक कबूल केलीत ती आमच्यासमोर उभं राहून. मी अजून कागदावरच केली आहे. रविवारी दीदींच्या घरी जातोय.

तुमचा विद्यार्थी