खटक्याची उंची

आमच्या भावोजींना सगळी गल्ली 'घडीमिस्त्री' म्हणते. भिंतीत मिटून बसणारे दुमजली लाकडी पलंग करावेत तर त्यांनीच. दिवसा नुसतं कपाट उभं दिसतं. खटका ओढला की वर एक आणि खाली एक, दोघांची झोपायची सोय. हातात कसब आहे, हे मीही मान्य करते. बाकी हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि ते मी कधी लपवलंही नाही.

गिऱ्हाइकाच्या घरी त्यांची एक पद्धत. सगळं बसवून झालं की विचारायचे, "घरात सगळ्यांत बुटकं कोण?" मग त्या आजीला नाहीतर वहिनीला चौकटीशी उभं करायचे. "हात वर करा. टाचा उचलायच्या नाहीत." बोटांच्या टोकाशी पेन्सिलीची खूण करायची आणि तिथं खटका बसवायचा. लोकांना कोण कौतुक!

आणि स्वतःच्या घरी? त्या वीतभर खोलीत गिऱ्हाइकांना दाखवायचा नमुना म्हणून पलंग बसवला, तेव्हा हात वर केला तो स्वतःचा. माझी ताई त्यांच्या खांद्यालाही लागत नाही. तिनं विचारलं, तर म्हणाले, "दिवसा लोळायचंय कुणाला?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! ताई एकदा स्टुलावर चढली. पण स्टूल ठेवावं लागतं ते नेमकं पलंग खाली येतो तिथंच. अख्खा पलंग तिच्या खांद्यावर आला. महिनाभर हात वर होत नव्हता. भावोजींनी "सांगितलं होतं ना" म्हणून विषय संपवला.

पुढे तिला ताप आला. मी दुपारी गेले, तर ही फरशीवर पडलेली, उशाला दुमडलेला टॉवेल, आणि हातभर अंतरावर गादीसकट पलंग भिंतीत उभा. मी चांगली उंच आहे. खटका ओढला, तिला झोपवलं आणि भावोजींची वाट बघत बसले. ते आल्यावर मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले.

"आत्ताच्या आत्ता खटका खाली घ्या."

"पॉलिश केलेल्या चौकटीला भोकं दिसतील. नमुना आहे तो."

माझ्या बहिणीपेक्षा यांना चौकट मोठी! त्या दिवशी मी चहाचा कप तसाच ठेवून निघाले.

वर्षभरानं फळी उचलताना भावोजींची कंबर धरली. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. तोवर ताई जवळच्या शिलाई कारखान्यात कामाला लागली होती. मी दुपारी बघायला गेले. खरं सांगायचं तर मजा बघायला गेले. भावोजी खुर्चीत वाकडे होऊन बसलेले आणि समोर पलंग बंद. ताई सकाळी तो उघडा ठेवून गेली होती. पण नमुना बघायला गिऱ्हाईक आलं, यांनी हौसेनं त्यांच्याकडून पलंग बंद करून दाखवला, आणि ते लोक निघून गेले.

"जरा खटका ओढतेस का?" भावोजी कण्हत म्हणाले.

"दिवसा लोळायचंय कुणाला?" मी म्हटलं, आणि समोर स्टुलावर मांडी ठोकून बसले. मला अजिबात दया आली नाही.

अर्ध्या तासानं जेवणाच्या सुट्टीत ताई धावतपळत आली. तिनं मला स्टुलावरून उठवलं आणि ते खटक्याखाली सरकवलं.

"अगं, खांदा मोडून घ्यायचाय का पुन्हा? कुणासाठी? यांच्यासाठी?"

"बाजूला हो," ताई म्हणाली. "दुपार किती लांब असते, मला विचार."

भावोजींनी मान खाली घातली. शेवटी खटका मीच ओढला, तिच्या खांद्यासाठी. ते कण्हत आडवे झाले. मग मी त्यांचीच पेटी उघडली आणि पेन्सिल आणि स्क्रू ड्रायव्हर काढला.

"ताई, हात वर कर. टाचा उचलायच्या नाहीत."

"भोकं दिसतील गं," पडल्या पडल्या भावोजी पुटपुटले.

"दिसू देत."

अजून दिसतात. भावोजींनी भोकं बुजवायला दोनदा लांबी भरून बघितली, ताईनं दोन्ही वेळा ती ओली असतानाच खरवडून काढली. नमुना बघायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, इतक्या वर ही भोकं कसली? उत्तर ताई देते.

"तिथं यांचा हात पोचतो."

मग आपला हात सहज वर करून ती पलंग उघडून दाखवते.