फ्लेक्सवरचा नंबर

परदेशातल्या दोन विद्यापीठांनी मला कायदा शिकायला बोलावलं, शिष्यवृत्तीही दोघांनी दिली. कुठं जायचं हे मी ठरवायच्या आतच वडवणीच्या चौकात माझा फ्लेक्स झळकला. वर आमच्या गावच्या पुढाऱ्यांचा, आबांचा, हा एवढा फोटो, माझा खाली कोपऱ्यात. त्या दोहोंतल्या मोठ्या विद्यापीठाचा जगातला नंबर मात्र लाल अक्षरात, माझ्या नावाहून ठळक.

दुसरं विद्यापीठ त्या नंबरांच्या यादीत पार तळाला होतं. पण तिथं चराऊ जमिनींचा कायदा शिकवणाऱ्या एक बाई होत्या, आणि त्यांचे विद्यार्थी मेंढपाळांचे खटले प्रत्यक्ष हाताळायचे. मोठ्या ठिकाणी हा विषयच नव्हता. मी मेंढपाळाची लेक. ह्याच पुढाऱ्यांनी आमच्या गायरानाला तारेचं कुंपण घातलं, मेंढरं रस्त्याच्या कडेला आली, आणि त्या तारेपायी मी वकिलीकडं वळले. बड्या कंपन्यांचे करार लिहायचे असते तर मीही नंबरच बघितला असता. मला ते लिहायचेच नव्हते.

वडिलांनी विचारलं, "मोठं सोडून बारकं काहून धरायलीस?" मी कारण सांगितलं. ते म्हणाले, तुझं तूच सांग आबांना, माझ्याच्यानं व्हायचं नाही.

बाजाराच्या दिवशी सत्कार झाला. शाल, नारळ, हार. पुढाऱ्यांनी भाषणात तो नंबर इतक्यांदा सांगितला की माझं डोकंच फिरलं. माईक हातात आल्यावर मी सांगून टाकलं की मी तिथं जात नाही, यादीत तळाला असलेल्या ठिकाणी जातेय.

पुढारी हसत म्हणाले, "पोरी, खालच्या नंबराला जाऊन काय शिकणार हाईस?"

"आबा, गायरानातलं कुंपण कसं काढायचं, ते."

टाळ्या वाजल्या नाहीत. संध्याकाळी फ्लेक्सही उतरला. मला भीती वाटत होती, पण पश्चात्ताप तिळभर नव्हता.

घरी येताना वडील वेशीपाशी थांबले आणि म्हणाले, "आता शिकून वापस यावंच लागंल तुला. न्हाई आलीस तर मला ह्या गावात ऱ्हाता यायचं न्हाई."

मी म्हणाले, "यायचंय म्हणूनच तिथं चाललेय, बापू."