यादीत नसलेली माणसं

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात शिकत होते तेव्हा एका उन्हाळ्यात मला समुद्राकाठच्या छोट्या म्युझियममध्ये काम मिळालं. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून आलेल्या शेतकऱ्यांनी इथे बांध घालून भरतीचं पाणी अडवलं आणि शेती केली, त्यांची हकिकत तिथे सांगायची. त्या काळच्या बायकांसारखा लांब घागरा, डोक्याला पांढरी टोपी असा माझा अवतार. वसईला फोटो पाठवला तर आई म्हणाली, "अगं, मठात गेलीस की काय?"

म्युझियम सांभाळणाऱ्या बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचे पूर्वज त्याच शेतकऱ्यांतले. पाहुण्यांसाठी त्यांनी लिहून दिलेलं भाषण मी पाठ केलं होतं. सुरुवात अशी: "या रिकाम्या किनाऱ्यावर मूठभर कुटुंबं उतरली." इंग्रजीत मी अडखळायचे, पण बांधाशी पोचले की सुटायचे. बांधाच्या पोटात लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं, भरती आली की झडप आपोआप बंद. आमच्या वसईच्या खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या शेतातही हेच. पप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, "बिजागरीही लाकडाचीच? म्हणजे गंजायची भीती नाही. हुशार माणसं!"

एकदा शाळेची बस आली. भिंतीवर पहिल्या वस्तीची यादी होती: घरागणिक नवरा, बायको, मुलं, गाई, डुकरं. दोन वेण्यांची एक मुलगी बोट फिरवत सगळी यादी वाचत होती.

"डुकरंसुद्धा मोजलीत," ती म्हणाली, "मग माझी माणसं कुठायत?"

"तुझी म्हणजे?"

"मिग्माव. आम्ही आधीपासून इथेच आहोत. माझी आजी इथून वीस मिनिटांवर राहते."

"मला माहीत नाही," मी म्हटलं, "पण तुझं बरोबर आहे. किनारा रिकामा नव्हता."

मागे बाई उभ्या होत्या, लालबुंद. वाटलं, गेली नोकरी.

बस गेल्यावर त्यांनी स्वतः यादीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "किती वर्षं मी हे भाषण देतेय, आणि हा प्रश्न मला नऊ वर्षांच्या पोरीनं विचारावा!" त्यांनी शाळेला फोन लावला आणि त्या मुलीच्या आजींना चहाला बोलावलं.

आजी आल्या त्या स्वतःचा केक घेऊन. यादीजवळ लावायच्या मजकुरातल्या एका वाक्यावर दोघींनी दुपारभर वाद घातला. "आम्ही त्या शेतकऱ्यांना मदत केली, एवढंच नको," आजी म्हणाल्या. "जमीन आमची होती, हेही लिहा." बाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि लिहिलं. मी टाईप केलं. आठवड्याभरात यादीच्या वर मिग्माव, फ्रेंच आणि इंग्रजीत नवा फलक लागला.

पुढच्या रविवारी आजींनी आम्हा दोघींना ओहोटीला शिंपल्या काढायला नेलं. गुडघाभर चिखल. बाईंचा एक गमबूट आत रुतला तो रुतलाच. त्या एका पायात नुसता मोजा घालून गाडीपर्यंत आल्या, आणि आजी हसून हसून बादलीवरच बसल्या.