पावडरीचे रिकामे डबे

आमच्या मुखेडच्या घरात रिकामा पत्र्याचा डबा कुणी फेकत नाही, त्यामुळं डब्यांचे किस्सेही साठत जातात. मी लातूरची, बी.एस्सी. झालेली. मला वाटायचं, डबा म्हणजे डबा.

पहिला डबा मी कपाटात साड्यांमागं लपवला होता. परीला माझं दूध पुरत नव्हतं, वजन वाढत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी पावडर लिहून दिली होती. सासूबाईंना, त्यांना मी आत्या म्हणते, तो तिसऱ्याच दिवशी सापडला. मी मान खाली घालून उभी. आत्यांनी डबा बोटानं वाजवून पाहिला. "पत्रा लई चांगला हाय. सरला की मोहरीला दे."

*

दुसऱ्या डब्याच्या बुडाला सासऱ्यांनी खिळ्यानं भोकं पाडून झारी केली. कढीपत्त्याला पाणी घालताना म्हणाले, "पोरीच्या आधी हाच वाढायलाय." ते हसले. मी आत जाऊन परीचे दंड चाचपले.

*

मग गल्लीतून मागणी आली. शेजारच्या कमलवहिनी दारातूनच विचारायच्या, "निघाला का गं एखादा?" त्यांच्या फळीवर चार डबे, रस्त्यावरून दिसतील असे. कुणी विचारलं, कुठले, की वहिनी आमच्या घराकडं बोट दाखवायच्या. "तिला दूध न्हाई ना."

*

पुढं डॉक्टरांनी पावडर बदलली. नव्या डब्यातला मापाचा चमचा मोठा होता. आत्यांनी तो हळदीला घेतला आणि मला जुना धुऊन दिला. "चमचा तो चमचाच."

मी, डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचणारी, वीस दिवस लहान मापानं पातळ दूध पाजत राहिले. अंगणवाडीच्या काट्यावर परी होती तिथंच. ताई म्हणाल्या, "बाई, नुसतं पाणी पाजता का?"

घरी दोन्ही चमचे शेजारी ठेवले तेव्हा कळलं. मी आत्यांवर ओरडले. त्यांनी मोठा चमचा उचलला, घासून माझ्यापुढं ठेवला.

*

पुढच्या वजनाला आत्या स्वतः सोबत आल्या. काटा पाऊण किलोनं सरकला. ताईंनी दोनदा पाहून आकडा सांगितला.

घरी आल्यावर आत्या स्टुलावर चढल्या. अगदी वरच्या फळीवरून एक गंजका डबा काढला, उलथण्यानं झाकण उचकटलं. आत पावडर. पिवळी, दगड झालेली, अर्ध्याच्याही वर.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी एक पोरगी होती," त्या म्हणाल्या. "तिचा."

झाकण दाबून बसवलं.

"कमल मागायला आली, तर हा न्हाई म्हणून सांग."