खांबाआडून दिसलेला गोल

नमस्कार मंडळी,

इथले अनुभव बरेच दिवस वाचतोय, लिहायची वेळ पहिलीच. आमच्या कोकणात दर दुसऱ्या माणसाच्या काकाला देवचार, म्हणजे गावाची राखण करणारं भूत, भेटलेला असतो. मला आजवर एकही भेटला नाही, आणि भेटला असता तर मी आधी त्याच्याकडे आधार कार्ड मागितलं असतं... असा माझा स्वभाव. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो.

मी जामसंड्याचा. झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, घरची हापूसची थोडी कलमं आहेत. नंदू माझा शाळेपासूनचा मित्र. तो बोटीवर कुक आहे — अर्धं वर्ष समुद्रावर, अर्धं वर्ष गावात. युरोपातल्या एका फुटबॉल क्लबवर माझा लहानपणापासून जीव. (नाव मुद्दाम लिहीत नाही, खाली कमेंट्समध्ये मारामाऱ्या नकोत.) त्या क्लबच्या मॅचेससाठी मी दुकान वेळेवर उघडलेलं नाही, बोलणी खाल्ली आहेत. आणि नंदू? त्याला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून मला विचारावं लागतं!

तर अशा त्या क्लबच्या लिस्बनमधल्या मॅचची तिकिटं कोणाला मिळावीत? नंदूला! बोटीवरच्या एका पोर्तुगीज दोस्ताने मिळवून दिली. धावत दुकानात आला आणि म्हणाला, "तुका सोडून मी कसो जातलंय रे?" मी आनंदाने नाचायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे — ह्या मेल्याची पाचही बोटं कायम तुपात कशी?

तिकिटं हातात आली तेव्हा तर आणखी कहर. सीट दूर दूर. एक गोलपोस्टच्या मागे, अगदी खाली, मैदानाला लागून. दुसरी वर, एका खांबाच्या मागे... इथून पूर्ण मैदान दिसणार नाही असं तिकिटावरच छापलेलं. खांबाच्या तिकिटावर नाव माझं. त्या दोस्ताने नावं भरली होती, त्याला काय ठाऊक आमच्यातला खरा वेडा कोण! नंदू म्हणाला, "आत गेल्यावर बदलूया." मी नुसतं "बघू" म्हटलं. पण जळत होतो, लपवत नाही.

निघायच्या आधी आईने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायला लावलं. आमच्याकडे कोर्टात जायचं असो की बोटीवर, गाऱ्हाण्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, देवासमोर एकेक मागणं मोठ्याने मांडतात आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला होकार द्यायचा. आमच्या गावकरांना फुटबॉल आणि कबड्डी सारखीच.

"बा देवा म्हाराजा! आज ही दोन लेकरां चेंडूचो खेळ बघूक सातासमुद्रापलीकडे जातत. त्यांची वाट सरळ कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"एकाक काय उणा पडला, तर दुसऱ्याच्यातला काडून दी, पण दोघांकय हसत्या तोंडान घराक हाड रे म्हाराजा!"

ह्या वेळी सगळ्यात मोठा "होय म्हाराजा" माझा होता. उणं कोणाला पडणार ते मला पक्कं माहीत होतं. नंदूच्यातलं काढून मला देणार असशील देवा, तर माझी बिलकूल ना नाही! आई कौतुकाने बघत राहिली. तिला वाटलं, पोराला भक्ती सुचली.

लिस्बनला मॅच संध्याकाळची होती, चांगलं ऊन होतं. गेटवर तिकीट आणि पासपोर्टवरची नावं ताडून बघत होते, म्हणून आपापल्या दारातून आत जावं लागलं. मी वर पोचलो आणि समोर बघतो तर तो खांब! डावीकडचा कॉर्नर दिसत होता, उजवीकडची थोडी हिरवळ दिसत होती, आणि मध्ये सगळं सिमेंट. गोलपोस्ट त्याच्याच मागे. खांबावर तांबड्या रंगाचा एक ओघळ होता, एसटी स्टँडच्या भिंतीवर कोणी पान खाऊन थुंकावं तसा. एवढ्या लांब येऊन मी तो ओघळ बघत बसलो होतो.

मान तिरकी करून खाली पाहिलं तर नंदू दिसला. आणि काय करत होता? मालवणी खाजं वाटत होता! आल्या-गुळाच्या पाकातल्या त्या कांड्या मोठी पिशवी भरून आणल्या होत्या. आजूबाजूचे गोरे लोक कुडुमकुडुम खातायत, ह्याच्या पाठीवर थापा मारतायत, एकाने तर स्वतःचा मफलर ह्याच्या गळ्यात घातला. माझ्या क्लबचा मफलर! माझ्या शेजारच्या माणसाने माझ्याकडे साधं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मध्यंतरात खाली जिन्यापाशी भेटलो. नंदू म्हणाला, "आता तू थंय जा. मी वर बसतंय. माका काय, खंयसूनय दिसला तरी सारखाच."

हे "सारखाच" मला झोंबलं. ज्याच्यासाठी मी जीव टाकतो ते ह्याला कुठूनही सारखंच... आणि तरी पहिली पंगत ह्याची! मी म्हटलं, "नको. तुझी सीट तुका लखलाभ." आणि फणकाऱ्याने वर निघून आलो. तो मागून हाका मारत होता. माझ्या सीटपर्यंत मात्र तो कधीच आला नाही, हे लक्षात ठेवा.

मॅच संपत आली तरी बरोबरीच होती. खांबापलीकडे, नंदूच्या बाजूच्या गोलजवळ, आमच्या क्लबला फ्री किक मिळाली. सगळं स्टेडियम उभं राहिलं, मीही राहिलो. समोर खांब, आणि मान तिरकी करावी तर उठलेल्या लोकांच्या पाठी. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात —

खांब नव्हता.

मी खाली होतो. जाळी माझ्यासमोर, हात लांबवला तर लागेल असं वाटावं इतक्या जवळ. पुढे एक टकलू माणूस, त्याच्या कानाला पांढरी पट्टी. बॉल खेळाडूंच्या भिंतीला वळसा घालून आला, गोलकीपर मध्यंतरात पाणी मारलेल्या ओल्या गवतावर घसरला, बॉल जाळीत बसला आणि जाळीवरचं पाणी माझ्या तोंडावर उडालं. तोंडात आल्या-गुळाची चव होती. मी त्या दिवशी खाज्याचा तुकडासुद्धा खाल्ला नव्हता... रागाने.

मग पुन्हा खांब. पुन्हा तो ओघळ. आजूबाजूला लोक नाचत होते आणि मी खांबाला हात लावून बघत होतो.

बाहेर नंदू भेटला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. मला वाटलं, मध्यंतरातलं माझं बोलणं लागलं म्हणून. हळू आवाजात म्हणाला, "अरे, माका काय झाला कळाक नाय. सगळे उठले आणि माझ्यासमोर एकदम खांब इलो. सिमेंटचो. त्येच्यार तांबडो ओघळ, कोणी पान थुकल्यासारखो. गोल माका दिसलोच नाय रे!"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने खिशातून मोबाइल काढला, मॅच सुरू व्हायच्या आधी काढलेला फोटो दाखवला. त्यात तो टकलू माणूस होता, कानाला पांढरी पट्टी लावलेला.

आता मला वाटलं, हा चिडणार. निदान हळहळेल. त्याने माझे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "पण तुका दिसलो मां? नीट दिसलो?" मी मान हलवली. "मगे बरा झाला!" म्हणाला, आणि हसायला लागला. मनापासून! मी असतो तर महिनाभर अन्न गोड लागलं नसतं.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती पापड लाटता लाटता म्हणाली, "देवाक मागितलास, देवान दिल्यान. आजून काय व्हया तुका?" मला हे पटत नाही. डॉक्टरांना विचारलं, थकवा म्हणाले. थकव्याने एकाच वेळी दोघांचे डोळे बदलतात का, असं विचारल्यावर त्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा.

पण मला खरं छळतं ते वेगळंच. हल्ली नंदू सुट्टीवर आला की नाक्यावरच्या टपरीवर चार लोक गोळा करतो आणि मला म्हणतो, "सांग रे, बॉल कसो वळलो ता!" मी सांगतो. शंभरदा सांगितलेलं पुन्हा सांगतो. तो डोळे मिटून ऐकतो, गोलकीपर घसरला की टाळी वाजवतो, आणि बॉल जाळीत गेला की उडी मारून लोकांना मिठ्या मारतो... चहा सांडतो, शिव्या खातो. गोल मी बघितला, मंडळी. ह्या डोळ्यांनी म्हणा, त्याच्या डोळ्यांनी म्हणा, पण मीच बघितला. आणि मला एकदाही तशी उडी मारता आलेली नाही. मी ग्लास हातात धरून त्याच्याकडे बघत बसतो आणि जळतो.