विहिणीच्या शहरात लॉजवर मुक्काम

अमरावतीजवळच्या वलगावच्या मैनाबाई एकसष्ट वर्षांच्या होईपर्यंत कारणाशिवाय गावाबाहेर गेल्या नव्हत्या. लग्न, मयत, बाळंतपण आणि दवाखाना, एवढीच त्यांच्या प्रवासाची कारणे. शेतात निंदणाला उभ्या राहिल्या की त्यांची पात, म्हणजे तण काढायची ओळ, सर्वांच्या पुढे असे आणि तोंडही तितक्याच वेगाने चाले. अशा बाईला भित्री म्हणण्याचे धाडस गावात कोणी केले नसते. तरीही एका व्यक्तीला त्या भीत असत. ती व्यक्ती म्हणजे नागपूरच्या ताराबाई, त्यांच्या मुलीची, दामिनीची सासू.

ताराबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितले पाहिजे. त्यांना मान राखता येत असे आणि आपला मान राखला गेला नाही, तर तेही चटकन समजत असे. त्यांची सख्खी बहीण एकदा लग्नासाठी नागपुरास आली आणि लॉजवर उतरली. ताराबाई तिच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. "माह्यं घर असताना लॉज?" हे वाक्य दामिनीने त्या वर्षात इतक्या वेळा ऐकले की ते तिला पाठ झाले.

गावात दुपारी साक्षरतेचा वर्ग भरत असे. तेथे मैनाबाईंच्या एका बाजूस पार्बताबाई बसत व दुसऱ्या बाजूस देवकाबाई. पार्बताबाई फटकळ होत्या. देवकाबाई अबोल होत्या, मात्र त्यांना हसू आले की ते आवरत नसे. एके दिवशी वाचनाच्या पुस्तकात मेट्रो रेल्वेचे चित्र आले. देवकाबाईंनी त्या चित्रावरून बोट फिरविले आणि त्या म्हणाल्या, "हे नागपुरात खरीच धावते म्हणे. मरायच्या आंधी एक डाव बसा लागते बाप्पा."

"मरतं कायले? शनिवारी जाऊ, इतवारी वापस येऊ," पार्बताबाई म्हणाल्या.

"कोणाकडं उतरू?" देवकाबाईंनी विचारले.

"कोणाकडंच नाई. कोणाकडं गेलं का बाईच्या जातीले भाजी चिराले बसा लागते. लॉजवर राहू."

ताराबाईंनी वर्षभर अबोला धरलेली बहीण मैनाबाईंना आठवली. तथापि मैत्रिणी जाणार आणि आपण मागे राहणार, हेही त्यांना सोसवणारे नव्हते. घरी त्यांनी पती रामराव यांच्यापुढे विषय काढला.

"कोण मेलं नागपुरात?" रामरावांनी विचारले.

"कोणीच नाई मेलं."

"मंग कायले जाऊन राहिली?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

"जे दिसन ते."

रामरावांनी थोडा विचार केला. नंतर म्हणाले, "जाय. पण इहीनबाईले समजलं तं पोरीले भोगा लागन, हे ध्यानात ठेवजो."

शनिवारी सकाळी तिघी अमरावतीहून एसटीने निघाल्या. शिदोरीत तिघींनीही, एकमेकींना न विचारता, पोळ्या आणि मिरचीचा ठेचा आणला होता. नागपुरास पोहोचल्यावर बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये मॅनेजरने नोंदवही पुढे केली. तिघींनी सावकाश, जीभ दातांत धरून आपापली नावे लिहिली. पुढे "येण्याचे कारण" असा रकाना होता.

"लग्न लिहू का दवाखाना?" मॅनेजरने विचारले.

"थांबा, मी लिहितो," असे म्हणून मैनाबाईंनी त्याच्या हातातला पेन घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहिले: पाहण्यासाठी. मॅनेजरने ते दोनदा वाचले आणि चावी दिली.

येथवर सर्व ठीक झाले. परंतु मेट्रोच्या स्थानकाखाली आल्यावर मैनाबाईंनी नकाशा पाहिला आणि त्यांचे पाय थबकले. ताराबाईंचे घर सुभाषनगरला होते. मेट्रो त्यांच्या गॅलरीसमोरूनच जात असे आणि ताराबाई दिवसाचा अर्धा वेळ त्या गॅलरीत बसून भाजी निवडत असत.

"मी यात बसत नाई," मैनाबाई म्हणाल्या.

"अवं, एवढ्या जोरानं धावते गाडी. त्याहिले काय तुह्यं नाक दिसते?" पार्बताबाई म्हणाल्या.

"दिसते. तुले त्या माईत नाईत."

"मंग दुसऱ्या रस्त्याच्या गाडीत बसू."

"आमचे जावाई कारनं त्या रस्त्यानंच हापिसात जातेत."

देवकाबाई वर धावणाऱ्या डब्यांकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिल्या. मग तिघी महाराजबागेत गेल्या. मैनाबाईंनी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला होता. वाघाच्या पिंजऱ्यासमोरही तो त्यांनी वर केला नाही.

"वाघ तुले पाहून राहिला का तू वाघाले?" पार्बताबाई म्हणाल्या. "डोक्सं काढ बाहीर. त्याची इहीन नोहोस तू."

देवकाबाई हसता हसता कठड्याला धरून खाली बसल्या. मैनाबाईंना मात्र हसू येईना. त्यांनी दामिनीला फोन लावून लॉजवर उतरल्याचे सांगितले. दामिनीचा आवाज एकदम बारीक झाला. "आई, एक तं घरी ये, नाई तं सासूबाईले समजू देऊ नोको. दुसरं काईच करू नोको."

संध्याकाळी त्या फुटाळा तलावावर गेल्या. तिघींनी भाजलेली कणसे घेतली. सूर्य पाण्यावर उतरत होता. त्याच वेळी समोरून जाड काठाचे जांभळे लुगडे नेसलेल्या एक स्थूल बाई येताना दिसल्या. मैनाबाई कणसासकट फुगेवाल्याच्या गाडीमागे बसल्या. बाई जवळ आल्या, फुगा घेतला आणि निघून गेल्या. त्या ताराबाई नव्हत्या. फुगेवाला वाकून म्हणाला, "आजी, कोणी मागं लागलं का?"

मैत्रिणी पोट धरून हसल्या. मैनाबाई उठून उभ्या राहिल्या, गुडघ्यावरची माती झटकली आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. आयुष्यात आपण कोणाचे कापसाचे एक बोंड चोरले नाही आणि आज चोरासारखे लपलो, हे त्यांच्या मनाला लागले. शिवाय आपल्या भीतीपायी देवकाबाईंची मेट्रोही राहिली. त्यांनी फोन काढला आणि ताराबाईंचा नंबर लावला.

"इहीनबाई, मी मैना बोलतो. मी नागपुरात आहो."

"या न मंग! पोराले, अनुपले, पाठवतो गाडी घेऊन. कुठी आहा?"

"मी तुमच्या घरी येऊन नाई राहिली. दोन मैत्रिणीसंगं आली. बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरलो आमी."

मग ताराबाई म्हणाल्या, "माह्यं घर काय पडलं काय?"

"तुमचं घर सोन्यासारखं आहे. पण तुमच्या घरी आली का मी इहीन असतो. पाटावर बसतो, लुगडं घेतो, आन् ऑटोत बसून वापस जातो. सात डाव आली, नागपूर नाई पायलं. या डावा मले नुसतं पाहाचं होतं. राग आला असन तं माह्यावर काढा. पोरीवर काढू नोका, तिचा यात काईच दोष नाई."

फोन बंद झाला.

"काय म्हणाल्या?" पार्बताबाईंनी विचारले.

"काईच नाई."

त्या रात्री मैनाबाईंना ठेचाही गोड लागला नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता लॉजच्या खोलीचे दार वाजले. दारात ताराबाई उभ्या होत्या. एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात डबा. त्यांनी खोलीवर नजर फिरविली. वाळत घातलेली पातळे पाहिली, खाटेवरचा कंगवा पाहिला.

"तुमाले माह्या घरी याचं नाई, तं नोका येऊ," त्या म्हणाल्या. "पण माह्या गावातून तुमी रिकाम्या ओटीनं जासान, हे मी होऊ देत नसतो. बसा."

मैनाबाई खाटेवर बसल्या. ताराबाईंनी कुंकू लावले, नारळ आणि खण ओटीत घातला. पिशवीतून आणखी दोन नारळ निघाले. पार्बताबाई विधवा असल्यामुळे मागे सरकल्या, तर ताराबाई म्हणाल्या, "सरकता कुठी? या इकडं." आणि त्यांचीही ओटी भरली. त्यानंतर पार्बताबाई बराच वेळ फटकळ बोलल्या नाहीत.

डब्यातल्या पुरणपोळ्या खाताना ताराबाईंनी सहज विचारल्यासारखे विचारले, "आज काय पाहून राहिल्या मंग?"

"मेट्रो," देवकाबाई म्हणाल्या.

ताराबाईंचा घास हातातच राहिला. "माह्या गॅलरीसमोरून जाते थे. लय दिवस झाले, मी पायतो नुसती. पोरगा म्हणते, आई, आपल्याजवळ कार आहे, मेट्रोत कायले बसतं? सुनेले नोकरी. एकटीनं कशी बसू?"

मैनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांनी विहिणीचा असा आवाज ऐकला नव्हता. "मंग उठा न," त्या म्हणाल्या. "हात धुवा अन् चाला."

सरकत्या जिन्यापाशी चौघीही थबकल्या. मागच्या लोकांची रांग लागली. अखेर पार्बताबाईंनी "चाला व, एकदम!" असा हुकूम सोडला आणि चौघींनी एकमेकींचे हात धरून एकाच वेळी पाय टाकला. वर पोहोचेपर्यंत कोणी श्वास घेतला नाही.

गाडी सुटली. देवकाबाई काचेला नाक लावून बसल्या. रस्ते, झाडे, गच्च्यांवरच्या टाक्या खालून सरकू लागल्या. सुभाषनगर जवळ आले तेव्हा मैनाबाईंचा फोन वाजला. दामिनी रडवेली झाली होती. "आई, सासूबाई सकाळपासून घरी नाईत. सांगूनबी नाई गेल्या. तू काई बोलली का त्याहिले?"

ताराबाईंनी फोन आपल्या हातात घेतला. "मी तुह्या आईसंगं आहो. अवं, रडतं कायले? गॅलरीत ये लवकर!"

काही क्षणांनी इमारत आली. तिसऱ्या मजल्यावर दामिनी उभी होती, केस विस्कटलेले, फोन कानाला, नजर रस्त्यावर. "खाली नाई, वर पाय!" ताराबाई ओरडल्या. दामिनीने वर पाहिले, तोवर गाडी पुढे निघून गेली होती. तिला कोणी दिसले की नाही, हे समजण्यास मार्ग नव्हता. परंतु फोनमधून तिचे हसणे ऐकू आले.

"स्वयंपाक नोको करू आमच्यासाठी," ताराबाई फोनवर म्हणाल्या. "आमी चौघी शेवटच्या स्टेशनवर जाऊन राहिलो. तथून परत याच गाडीनं येऊ. बारा वाजता पुन्हा गॅलरीत उभी राहाजो, आन् या डावा केस इंचरजो."